चेहरा आणि वर्तुळ : झेन आचार्य सेंगाई यांची चित्रकला

संयुत्त निकायातील वक्कली सुत्त अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. राजगृहात एका कुंभाराच्या घरी स्थविर वक्कली आजारी होते. तथागतांच्या दर्शनाला बऱ्याच दिवसांत जाता आले नाही, एवढीच त्यांच्या मनाला खंत होती. तथागत स्वतः त्यांच्या शय्येपाशी आले. या नाशवंत देहाला पाहून काय साधणार, असे विचारून त्यांनी सांगितले की, जो धम्माला पाहतो तोच बुद्धाला पाहतो.

या उपदेशातून बौद्ध कलेपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्यांचा देह पाहणे निरर्थक, त्यांचे चित्र कशासाठी काढावे? सांचीच्या शिल्पकारांनी रिकामे आसन, बोधिवृक्ष आणि धम्मचक्र कोरून या प्रश्नाला एक उत्तर दिले. गंधार व मथुरेच्या कलावंतांनी बुद्धमूर्ती घडवून दुसरे दिले. धम्म पुढे चीनमार्गे जपानला पोहोचला. तेथील एका भिक्खूने ही दोन्ही उत्तरे एकाच कुंचल्याने तपासून पाहिली. त्यांचे नाव सेंगाई गिबोन.

सेंगाई यांचा जन्म 1750 मध्ये मिनो प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. अकराव्या वर्षी ते संघात दाखल झाले. 1789 मध्ये ते हाकाता येथील शोफुकुजी विहाराचे प्रमुख झाले. हा विहार आचार्य एइसाई यांनी 1195 मध्ये स्थापन केला असून जपानमधील पहिला झेन विहार म्हणून तो ओळखला जातो. ‘झेन’ हा शब्द मुळात आपलाच. पाली ‘झान’, संस्कृत ‘ध्यान’. त्याचे चिनी रूप ‘चान’ आणि जपानी रूप ‘झेन’. मोठ्या अधिकाराचे चिन्ह असलेले जांभळे चीवर सेंगाई यांनी नाकारले आणि ते साध्या काळ्या चीवरातच राहिले. 1811 मध्ये त्यांनी प्रमुखपद सोडले. त्यांची बहुतेक चित्रे या निवृत्तीनंतरची आहेत. 1837 मध्ये त्यांचे निधन झाले.

झेन परंपरेत गुरूंच्या व्यक्तिचित्रांना मोठा मान होता. उंच आसन, भरजरी चीवर, हुबेहूब चेहरा अशी ती चित्रे स्मृतिविधीच्या प्रसंगी लावली जात. सेंगाई यांनीही व्यक्तिचित्रे काढली, परंतु त्यांत ही प्रतिष्ठा कोठेच नाही. त्यांचे बोधिधर्म मोजक्या फटकाऱ्यांत उभे राहतात. त्यांचे ढेरपोटे होतेई एका मुलासह आकाशाकडे हात करून उभे आहेत. ते चंद्र दाखवीत आहेत आणि चित्रात चंद्रच नाही! बोट म्हणजे चंद्र नव्हे, हा लंकावतार सूत्रातील दृष्टान्त येथे रेषेत उतरला आहे.

याहून पुढची पायरी म्हणजे त्यांचे आत्मचित्र. त्यात चेहराच नाही. भिंतीकडे तोंड करून ध्यानस्थ बसलेल्या एका व्यक्तीची पाठ तेवढी दिसते, तीही थोडक्या रेषांत. सोबतच्या ओळीत ते स्वतःलाच विचारतात की, तिकडे तोंड करून काय चालले आहे? ‘मी’ दाखविण्यासाठी काढलेल्या चित्रातून ‘मी’ वजा झालेला आहे. अनत्ताचा सिद्धान्त इतक्या सहज विनोदाने क्वचितच सांगितला गेला असेल.

आता दुसरे टोक पाहू. कागदावर शेजारी शेजारी एक वर्तुळ, एक त्रिकोण व एक चौकोन. बाजूला केवळ विहाराचा निर्देश आणि सही. एरवी चित्रावर काहीतरी लिहिणारे सेंगाई येथे स्पष्टीकरणाचा एकही शब्द लिहीत नाहीत. त्यामुळे अर्थ लावणाऱ्यांची रीघ लागली. चौकोन पृथ्वी, वर्तुळ जल व त्रिकोण अग्नी, असे कोणी म्हणतात. वर्तुळ झेन, त्रिकोण शिंगोन व चौकोन तेंदाई पंथ, असे इतर कोणी मानतात. द. त. सुझुकी यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याला विश्वाचे चित्र म्हटले. सुझुकींचे निधन त्यापूर्वीच, 1966 मध्ये, झाले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे अर्थ पाहणाऱ्यांचे आहेत. चित्रकाराने कोणताच अर्थ लादलेला नाही.

पाली अभ्यासकाला येथे विसुद्धिमग्गातील पथवीकसिण आठवेल. अरुणवर्णी मातीचे एक गोल मंडल करून त्यावर चित्त स्थिर करावयाचे असते. त्या मातीची पूजा करावयाची नसते. सेंगाई यांनी ही साधना केली, असा माझा दावा नाही. तथापि आकार हा साधन असतो, साध्य नव्हे, ही दृष्टी दोहोंत समान आहे. त्यांच्या आणखी एका चित्रात नुसते वर्तुळ आहे. झेन परंपरेत वर्तुळ हे बोधीचे प्रतीक मानले जाते. सेंगाई मात्र पाहणाऱ्याला ते खाऊन वर चहा पिण्यास सांगतात! प्रतीकाला त्यांनी खाऊची वडी करून टाकले.

म्हणून सेंगाई यांची व्यक्तिचित्रे व अमूर्त चित्रे ही दोन वेगळी दालने नाहीत. चेहरा काढताना ते चेहऱ्याची आसक्ती काढून घेतात, वर्तुळ काढताना वर्तुळाची. ध्यानाच्या आसनालाही त्यांनी सोडले नाही. त्यांचा एक बेडूक ऐटीत बसला आहे. नुसते बसून बुद्ध होता येत असेल, तर बेडूक केव्हाच बुद्ध झाले असते, हा त्याचा आशय.

ही केवळ जपानी कलेची गोष्ट नव्हे. आपल्या घराघरांत भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची चित्रे आहेत आणि ती असलीच पाहिजेत. ज्यांना माणूस म्हणून मान उंच करू दिली गेली नव्हती, त्यांच्या भिंतीवरील ते चित्र स्वाभिमानाची साक्ष आहे. परंतु बुद्ध मोक्षदाता नसून मार्गदाता आहेत, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे. मार्गदात्याच्या चित्रापुढे हार घालून थांबणे म्हणजे बोटालाच चंद्र समजणे होय. वक्कलींना रुग्णशय्येवर मिळालेला उपदेश आपल्यालाही लागू आहे. चित्र भिंतीवर असावे. दृष्टी मात्र ते ज्या दिशेने बोट दाखवते, तिकडे असावी.