कोपराची लवण

मूठ आवळून हात कोपरात वाकविला असता दंडावर जी बेटकुळी उठते, तिचे लहान मुलांस मोठे कौतुक वाटते. ही बेटकुळी म्हणजे वरच्या बाजूस दोन मुळे असलेला एक स्नायू होय. कोपराशी येताच त्याची बळकट कंडरा बनते. तिच्या आतील अंगास दंडाची मुख्य धमनी आणि त्याही पलीकडे एक जाड मज्जातंतू असतो. कंडरेपासून निघालेला एक चिवट पडदा धमनीवर तिरपा पसरतो; आणि या पडद्याच्या वर, त्वचेच्या अगदी लगत, निळसर शिरा दिसतात. या चार बोटे जागेने वैद्यकाच्या इतिहासात जे मोठे कार्य केले, त्याचेच आज आम्हांस वाचकांस स्मरण द्यावयाचे आहे.

रक्त काढून रोग घालविण्याची कल्पना फार जुनी. प्लीहेच्या विकारात डाव्या बाहूची, कोपराच्या आतील बाजूची शीर वेधावी, यकृताच्या विकारात उजव्या बाहूची वेधावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे; आणि कोपर हे मर्मस्थान असून तेथील आघाताने हात कायमचा अधू होतो, असा इशाराही त्याच ग्रंथात आहे. युरोपातही हीच जागा निवडली गेली. तिकडे नस्तर पुष्कळदा न्हाव्याच्या हाती असे. ते खोल गेले तर धमनीच फुटावयाची. पण मधला पडदा आड येई. म्हणून शस्त्रवैद्यांनी त्या पडद्यास ‘ईश्वराची कृपा’ असेच नाव दिले. सोळाव्या शतकात कुशीतील शूळावर कोणत्या बाजूचा हात फोडावा, याविषयी पंडितांत मोठे रण माजले. १५३९ साली व्हेसेलियससारख्या थोर शारीरज्ञानेही त्या वादावर लेखणी चालविली. शीर कोणत्या हाताची, हा वाद जोरात होता. पण शिरेतील रक्त कोणत्या दिशेने वाहते, हे विचारण्याची गरज सहसा कोणास भासली नाही. गेलेनने दुसऱ्या शतकात त्याचे उत्तर देऊन ठेविले होते: रक्त यकृतात उत्पन्न होते, आणि शिरांवाटे सर्व अवयवांकडे जाऊन तेथे खर्ची पडते.

इटलीतील पादुआ येथे फाब्रिसियस नावाचे आचार्य शारीरशास्त्र शिकवीत. शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात, हे त्यांनी पाहिले व १६०३ साली त्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दंडास पट्टी बांधलेला एक हात आणि त्यावर झडपांच्या जागी उठलेल्या गाठी, असे एक चित्र त्यात आहे. परंतु मनावर गेलेनची छाया! रक्ताचा लोंढा एकदम हातापायांत उतरू नये, म्हणून निसर्गाने घातलेले हे बांध, असाच त्यांनी अर्थ लाविला. डोळ्यांनी खरे पाहिले. बुद्धीने मात्र जुनेच सांगितले.

त्यांचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली आपल्या ग्रंथात गुरूच्याच चित्राच्या आधारे आकृत्या दिल्या. फक्त त्या हातावर एक बोट अधिक आले. दंडास पट्टी घट्ट आवळली, तर मनगटाची नाडी बंद पडते, पण शिरा फुगत नाहीत. तीच किंचित सैल केली, की खोलवरची धमनी मोकळी होते, वरवरच्या शिरा मात्र दबलेल्याच राहतात. तेव्हा त्या तटतटून फुगतात. म्हणजे रक्त धमनीने आत येते व शिरेने परत जाऊ पाहते. पुढे त्याने फुगलेली शीर एका बोटाने दाबून धरली आणि दुसऱ्या बोटाने तीतील रक्त वरच्या झडपेपलीकडे सारले. मधला भाग रिकामा झाला तो रिकामाच राहिला. वरून थेंबभरही खाली उतरेना. पहिले बोट उचलताच खालून रक्त चढले व शीर भरली. झडपा म्हणजे बांध नव्हेत. हृदयाकडेच उघडणारे ते दरवाजे होत! साऱ्या शरीरात मावते त्याहून अधिक रक्त हृदय अर्ध्या तासात बाहेर टाकते, असा हिशेबही त्याने मांडला. इतके रक्त नित्य नवे निर्माण होणे अशक्य. अर्थात तेच फिरून येत असले पाहिजे. धमन्या व शिरा यांस जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या त्यास दिसल्या नाहीत. त्या १६६१ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

तथापि आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्याने रक्ताचा मार्ग उलगडला, त्या हार्वेने रक्त काढण्याची प्रथा मात्र सोडली नाही, आणि पुढे दोन शतके ती जोमाने चालली. १८३५ साली पॅरिसच्या लुई नामक वैद्याने फुप्फुसदाहाच्या रोग्यांची गणती करून तिचा लाभ किती अल्प आहे, हे दाखविले. एका रूढीचा पाया ढासळविणारा मनुष्यही दुसऱ्या रूढीच्या घरात सुखाने नांदत असतो.

आज दंडास पट्टा बांधून त्याच लवणीत कान देऊन रक्तदाब मोजतात. ते ध्वनी १९०५ साली रशियन वैद्य कोरोत्कोव्ह याने सांगितले. त्याच शिरेतून आपण परक्याचा जीव वाचविण्यासाठी रक्तही देतो. जागा तीच, शीर तीच. फाब्रिसियसचे डोळे हार्वेच्या डोळ्यांहून मंद नव्हते. अंतर पडले ते बोट ठेवून विचारण्याच्या धैर्याचे. गुरूने दिलेले चित्र जपून ठेवावे, पण त्यावर आपले बोटही ठेवून पाहावे, एवढाच बोध आम्ही या लवणीपासून घेतो.