गोरे, मृणाल
(२४ जून १९२८ – १७ जुलै २०१२). मुंबईच्या झुंजार समाजवादी नेत्या. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरल्या आणि १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेवर निवडून आल्या.

उपनगरातल्या बायका तेव्हा रिकामे हंडे घेऊन नळापाशी तिष्ठत. हा प्रश्न त्यांनी इतका लावून धरला, की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुढे त्या १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या.

त्यांचे घरबांधणीचे काम अधिक टिकाऊ ठरले. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन गरजूंना मिळावी, म्हणून बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांसह त्या नागरी निवारा परिषदेतर्फे चिकाटीने लढल्या. त्यातूनच दिंडोशीला अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी सुमारे ६,००० घरे उभी राहिली.