डोलीचे मोल

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या मार्गावर, कोडगूच्या डोंगररांगा सुरू होण्यापूर्वी पिरियापट्टण हे तालुक्याचे गाव लागते. आज ते तंबाखूच्या शेतीसाठी ओळखले जाते. इतिहासात त्याचे नाव येते ते मुख्यतः म्हैसूरच्या युद्धांच्या संदर्भात. इ. स. १७९९ च्या मार्च महिन्यात जनरल स्टुअर्टच्या हाताखालील मुंबई इलाख्याचे सैन्य कण्णूरहून कोडगूमार्गे श्रीरंगपट्टणकडे निघाले होते. त्याची आघाडीची तुकडी सिद्धेश्वर येथे असता, ५ मार्चला पिरियापट्टणच्या बाजूस एक विस्तीर्ण छावणी पडलेली टेकडीवरून दिसली. दुसऱ्याच दिवशी टिपू सुलतानाच्या फौजेने दाट अरण्यातून हल्ला चढविला आणि मागून कुमक येईपर्यंत तीन देशी पलटणींनी तो थोपवून धरला. इंग्रजी कागदपत्रांनी ‘सीदासीर’ या नावाने नोंदविलेली लढाई ती हीच. या पलटणींत कोकणातले व देशावरचे शिपाई होते आणि त्यांपैकी काहींचा वारसा पुढे मराठा पलटणींकडे आला.

लढाईचा जयपराजय इतिहासकारांनी तपशिलाने लिहून ठेवला आहे. जखमींना त्या अरण्यातून कोणी उचलले आणि उचलणाऱ्याचे मोल कोणी दिले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कंपनीच्या लष्करात त्याचे उत्तर ठरलेले होते. पलटणींबरोबर डोल्या असत, त्यांना भोई असत, मागे शल्यवैद्य आणि फिरते इस्पितळ असे. आणि या साऱ्याचा खर्च लष्कराच्या हिशेबात मांडला जाई. याच दशकात फ्रान्समध्ये दोमिनिक लारे हा शल्यवैद्य जखमींना रणांगणावरूनच त्वरेने हलविणाऱ्या घोडागाड्यांची व्यवस्था बसवीत होता. रुग्णवाहिकेचा जन्म अशा रीतीने लष्करात झाला. भूतदयेइतकाच त्यामागे व्यवहारही होता. शिक्षित शिपाई ही राज्याची गुंतवणूक होती आणि ती वाचविण्याचा खर्च नवा शिपाई उभा करण्याच्या खर्चाहून कमी होता.

ज्या भूमीवर ही लढाई झाली तेथील रयतेला असा आधार नव्हता. शेतात पाय मोडलेला, सर्पदंश झालेला किंवा बाळंतपणात अडलेली स्त्री यांना बाजेवर घालून अथवा बैलगाडीत निजवून नेणे हे भाऊबंदांचे आणि शेजाऱ्यांचे काम होते. त्याचे मोल पैशात मोजले जात नसे. ते उलटफेडीच्या श्रमात आणि बुडालेल्या मजुरीत मोजले जाई. सह्याद्रीतील दुर्गम वाड्यांवर आजही रुग्णाला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, ते याच जुन्या व्यवस्थेचे शेष होय.

एकोणिसाव्या शतकात नागरी रुग्णालये उभी राहिली ती दात्यांच्या आणि सरकारच्या भागीदारीतून. मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये दिले, कंपनी सरकारने तितकीच भर घातली आणि १८४५ मध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय उघडले. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये ससून रुग्णालय उभे राहिले. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिशनचे काम सुरू केले. म्हैसूर संस्थानात हे दायित्व राजाश्रयाने उचलले. १९२४ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले कृष्णराजेंद्र रुग्णालय हा त्याचा ठळक पुरावा. पिरियापट्टणच्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी पुढे दीर्घकाळ तेथेच धाव घ्यावी लागली. अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. दात्याने किंवा राजाने रुग्णालय बांधले, खाट फुकट दिली. पण त्या खाटेपर्यंतचा रस्ता रुग्णाने आपल्या खर्चाने तुडवावा, हेच गृहीत होते. लष्कराने वाहणे आणि बरे करणे ही दोन्ही कामे एकाच हिशेबात धरली होती. नागरी जीवनात ती वेगळी झाली, आणि या विभागणीतूनच पुढचे बहुतेक प्रश्न निर्माण झाले.

नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये असे सूत्र मांडले, की केवळ पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेस मुकता कामा नये. स्वतंत्र भारताने हे सूत्र मान्य केले. मात्र त्यास पुरेल एवढा पैसा कधी बाजूला काढला नाही. सरकारी दवाखाना अपुरा पडला, खाजगी रुग्णालये वाढली, आणि अपघाताच्या पहिल्या तासात ‘आधी अनामत, मग उपचार’ किंवा ‘आधी पोलिस, मग डॉक्टर’ हा रिवाज पडला. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीचा जीव वाचविण्याचा यत्न प्रथम केला पाहिजे. कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. रेल्वेतून पडून जबर जखमी झालेल्या या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले होते आणि अखेर खाजगी रुग्णालयात स्वतः खर्च करावा लागला होता. त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देताना न्यायालयाने म्हटले, की निधीची कमतरता हे सरकारला आपल्या घटनात्मक कर्तव्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही. पहिल्या निर्णयाने डॉक्टरचे कर्तव्य ठरविले, दुसऱ्याने शासनाचे. खाजगी रुग्णालयाचे बिल नेमके कोणी भरायचे, हे मात्र दोन्ही निर्णयांनंतर मोकळेच राहिले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला धर्मादाय कायद्याच्या वाटेने एक उत्तर मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असून, आणीबाणीच्या रुग्णाकडे अनामत मागावयाची नाही. येथे मोल देते ते रुग्णालय, म्हणजे वस्तुतः करसवलतीच्या रूपाने समाजच.

कर्नाटकाने प्रथम सहकाराची वाट धरली. २००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘यशस्विनी’ योजनेत सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्याने दरमहा पाच रुपये भरावेत, शासनाने त्यात भर घालावी आणि शस्त्रक्रियेचा खर्च त्या गंगाजळीतून व्हावा, अशी रचना होती. पिरियापट्टणसारख्या कृषिप्रधान तालुक्याला ती जवळची वाटावी, हे स्वाभाविक होते. गावकऱ्यांनी बाजेला खांदा द्यावा तशीच ही वर्गणी होती. ही योजना २०१८ मध्ये ‘आरोग्य कर्नाटक’मध्ये विलीन झाली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू करण्यात आली. तथापि तिचा भर शस्त्रक्रियेवर होता. वाहतूक तिच्या कक्षेबाहेर होती. ती उणीव १ नोव्हेंबर २००८ पासून १०८ क्रमांकाच्या विनामूल्य रुग्णवाहिकेने भरून काढली. महाराष्ट्रात हीच सेवा २०१४ मध्ये आली. कंपनीच्या शिपायाला मिळणारी राज्याच्या खर्चाची डोली रयतेच्या दारी येण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली.

डोली दारी आली तरी इस्पितळाच्या दारातील हिशेब उरलाच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये बंगळूरजवळ ट्रकच्या धडकेने शरीराचे दोन भाग झालेल्या एका तरुणाने मरणापूर्वी अवयवदानाची इच्छा बोलून दाखविली. त्याच्या नावाने कर्नाटकाने त्याच वर्षी ‘मुख्यमंत्री सांत्वना हरीश योजना’ आणली. राज्याच्या हद्दीत अपघातग्रस्त झालेल्या कोणाही व्यक्तीला, ती कोणत्याही प्रांताची वा देशाची असो, पहिल्या ४८ तासांत २५,००० रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळावेत, अशी ती योजना होती. पिरियापट्टण तालुक्यातील बैलकुप्पे येथे १९६० च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दांचे मोल कळते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर जखमीला आणणाऱ्या परोपकारी माणसास संरक्षण मिळाले, आणि मे २०२५ मध्ये केंद्र शासनाने रस्ते अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोख उपचार देणारी योजना अधिसूचित केली.

या साऱ्या प्रवासात एक सूत्र दिसते. प्रत्येक टप्प्यावर मोल देणाऱ्याने आपली मर्यादा आखून घेतली आहे: कंपनीने शिपायापुरती, दात्याने खाटेपुरती, सहकाराने सभासदापुरती, शासनाने तासांपुरती आणि दिवसांपुरती. दुखणे मात्र या मर्यादा जाणत नाही. रस्त्यावर वाहनाने जखमी झालेल्यास आज जो आधार आहे, तो झाडावरून पडलेल्या मजुरास त्याच आधारे मिळत नाही. त्याला शिधापत्रिकेचा रंग विचारला जातो. आणि आठव्या दिवशीही जो खाटेवर आहे, त्याचे बिल पुष्कळदा जमीन गहाण टाकून किंवा दागिने मोडून भरले जाते. डोलीच्या भोयांना राज्याने मजुरी दिली. डोलीतून उतरलेल्या माणसाची जबाबदारी कुठवर, याचा निर्णय अजून पुरता झालेला नाही.