मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स आणि मुलांचे कोवळे वय

रशियामध्ये कुमार गटाच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धा होतात, तेव्हा बारा-चौदा वर्षांच्या मुली चार बोटे नव्हे, पण चार इंच रुंदीच्या तुळईवर कोलांटउड्या घेताना दिसतात. ही तुळई जमिनीपासून चार फूट उंच असते. आपल्या मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीला, बोरिवलीला, तिकडे मुलुंड-घाटकोपरला, त्याच वयाची मुले सागाच्या गुळगुळीत खांबावर अढी घालून उलटी लटकत असतात. देश निराळे, साधने निराळी. पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखाच उभा राहतो. कोवळ्या शरीराकडून किती मागावे, आणि कधी मागावे? या प्रश्नाचे उत्तर दोन्ही खेळांच्या इतिहासात सापडते, म्हणून आज तो इतिहास थोडक्यात पाहू.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामासाठी खांबाचा उल्लेख येतो. मध्यंतरी ही विद्या मागे पडली होती. तिला नवे रूप दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. परंपरा अशी सांगतात, की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. तरुण बाळंभटदादा वणीच्या सप्तशृंगीला गेले, तेथे त्यांना मारुतीरायाने लाकडी खांबावरचे डाव दाखवले, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. कथेतला दृष्टान्ताचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. त्यातले मर्म मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खांब हा न थकणारा, न चिडणारा जोडीदार होय. त्याच्याशी झटून अंग चपळ होते आणि पकड घट्ट होते.

योगायोग बघा. साधारण त्याच काळात, १८११ साली, बर्लिनजवळ फ्रीडरिश यान नावाच्या शिक्षकाने उघड्या मैदानावर आखाडा काढला. सिंगल बार, डबल बार ही आजच्या जिम्नॅस्टिक्सची साधने तेथून युरोपभर पसरली. एकीकडे पुण्याचा आखाडा, दुसरीकडे बर्लिनचा. दोन्हींचा हेतू तरुणांना बळकट करण्याचा होता. गुण देणारे पंच आणि पदके पुष्कळ नंतर आली.

आपल्याकडे बाळंभटदादांची शिष्यपरंपरा वाढत गेली. पुरलेला मल्लखांब, टांगता मल्लखांब आणि वेताचा मल्लखांब असे प्रकार झाले. पुढे चांगला वेत मिळेना, तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला, आणि त्याचा दोरीचा मल्लखांब झाला. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा ही नावे खेड्यापाड्यांतल्या तालमींतही रूढ झाली. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक झाले, तेव्हा याच मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. म्हणजे यानच्या गावी आपला आखाडा जाऊन आला!

मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती जिम्नॅस्टिक्सचे बोट धरूनच. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब दाखवला गेला, आणि १९६२ साली ग्वाल्हेरला त्या स्पर्धेत त्याला रीतसर स्थान मिळाले. परंतु १९७६ साली हे बोट सुटले. जे प्रकार आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आहेत तेवढेच ठेवायचे, असे जिम्नॅस्टिक्स महासंघाने ठरवले. मग मल्लखांबाच्या मंडळींनी स्वतःचा संसार थाटला, आणि १९८१ च्या जानेवारीत उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा भरली. नियम बसले, वयाचे गट पडले. दोरीच्या मल्लखांबावर मुलीही मोठ्या संख्येने आल्या.

आता रशियाकडे वळू. सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो १९५२ साली हेलसिंकीला, आणि पहिल्याच खेपेस त्याने जिम्नॅस्टिक्सची पुरुष व महिला अशी दोन्ही सांघिक सुवर्णपदके नेली. लारिसा लातिनिनाने १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून अठरा पदके मिळवली, त्यांत नऊ सुवर्ण. या यशामागे पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था होती. गावोगावी मुलांच्या क्रीडाशाळा, प्रत्येक वयाला ठरलेला अभ्यास, मग जिल्हा, मग प्रांत, मग कुमारांची राष्ट्रीय स्पर्धा. पायरी चुकवून वर जायचे नाही, ही तिची ताकद होती.

पण पदकाची घाई झाली, की हीच व्यवस्था पायरी विसरते. येलेना मुखिना ही मॉस्कोची मुलगी १९७८ साली जगज्जेती झाली. १९७९ साली तिचा पाय मोडला. तो पुरता बरा होण्याआधीच तिला सरावाला उभे केले गेले, कारण १९८० चे ऑलिंपिक मॉस्कोतच व्हायचे होते. ३ जुलै १९८० रोजी, ऑलिंपिकला दोन-अडीच आठवडे उरले असताना, मिन्स्क येथे एक अवघड कोलांटी घेताना ती मानेवर पडली. त्या वेळी ती वीस वर्षांची होती. तिचे हातपाय कायमचे लुळे पडले. २००६ साली ती वारली. पुढे ती कोलांटी महिलांना बंद करण्यात आली. जागतिक महासंघानेही मोठ्या स्पर्धांसाठी वयाची किमान मर्यादा वाढवत नेली. ती आधी चौदा होती, १९८१ पासून पंधरा झाली आणि १९९७ पासून महिलांसाठी सोळा. जगाला हा धडा फार महाग पडला.

हा धडा आपल्याला का हवा? कारण मल्लखांबाचेही दिवस पालटले आहेत. १९९० साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, आणि राज्याच्या स्पर्धांत उपनगराच्या मुलांना स्वतःचे नाव मिळाले. पश्चिम आणि मध्य रेल्वे दादरला एकमेकींना भेटतात. तेथल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचा वारसा दोन्ही मार्गांवरच्या उपनगरांना जवळचा वाटतो. विलेपार्ल्याच्या प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलातही मुले मल्लखांब शिकतात. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२१ साली मुंबईच्या हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला, तर २०२४ साली उदय देशपांडे यांना पद्मश्री. हरियाणात २०२२ साली झालेल्या खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांतही मल्लखांब होता. मान आला, पुरस्कार आले, हे आनंदाचेच आहे. पण मानाबरोबर घाईही येते. पालक विचारू लागतात, ‘गुरुजी, आमच्या मुलाला पदक कधी?’

अशा वेळी आपल्या जुन्या तालमीची रीत कामी येते. आधी जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार. मग साधी अढी. अढी पक्की झाली, की मग बगली आणि दसरंग. खांबाच्या बोंडावर उभे राहणे अगदी शेवटी. खांबाला एरंडेल चोळतात, त्यामुळे अंग खरचटत नाही. पण त्यामुळेच पकड कच्ची असलेला मुलगा सरकन खाली येतो. खांब कोणाची भीड धरत नाही. तयारी किती झाली, हे तो लगेच सांगतो.

खेड्यातल्या शिक्षकांनी यातून काय घ्यावे? शाळेत सागाचा खांब नसला, तर एक भक्कम तुळई आणि एक चांगला सुती दोर पुरे. दोर रोज तपासावा, खाली जाड गादी घालावी, आणि मूल वर असताना जवळ जाणता माणूस उभा असावा. दुखावलेल्या मुलाला पुरते बरे वाटेपर्यंत खांबाजवळ जाऊ देऊ नये, मग स्पर्धा उद्यावर आलेली का असेना. आणि पदकासाठी निवडलेल्या चौघांमागे वर्गातली उरलेली चाळीस मुले पटांगणाच्या कडेला बसून राहिली, तर तो व्यायाम कसला? शाळेतला खांब सगळ्यांसाठी असावा. ज्याला पुढे स्पर्धेत जायचे असेल, त्याने आपल्या वयाने आणि आपल्या पायरीने अवश्य जावे. मूल खांबावरून हसत खाली उतरले आणि दुसऱ्या दिवशी आपणहून परत आले, तर गुरुजींचे त्या दिवसाचे काम नीट झाले असे समजावे.