पुसता येणारी डीव्हीडी

व्हीसीआरच्या काळात जुन्या कार्यक्रमावरच नवा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करण्याची सोय होती. जी कॅसेट जपून ठेवायची, तिच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडली की काम भागत असे. डीव्हीडी रेकॉर्डर आले तेव्हा हीच सोय तबकडीवर हवी होती. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर या तबकड्या एकदाच लिहिता येतात. पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी डीव्हीडी-रॅम, डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आरडब्ल्यू असे तीन प्रकार निघाले. तिन्ही एकमेकांशी पूर्णतः जुळणारे नव्हते आणि त्याचा मनस्ताप ग्राहकांनी पुढे अनेक वर्षे सोसला.

एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यात कायमचा बदल होतो. पुनर्लेखनक्षम तबकडीत रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. जर्मेनियम, अँटिमनी व टेल्युरियम किंवा चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम ही त्यातील नेहमीची मूलद्रव्ये. लेसरचा तीव्र झोत क्षणभर पडला की तेवढा ठिपका वितळतो आणि लगेच थंड होतो. अणूंना ओळीने बसायला वेळच मिळत नसल्याने तो भाग अस्फटिकी राहतो आणि प्रकाश कमी परावर्तित करतो. हीच नोंद. झोत मध्यम ठेवला तर थर वितळत नाही, केवळ तापतो. अणू पुन्हा शिस्तीत बसतात आणि स्फटिकी, अधिक चकचकीत अवस्था परत येते. पुसणे म्हणतात ते हेच. वाचताना झोत इतका मंद असतो की यांपैकी काहीच घडत नाही. अशा पदार्थांच्या अवस्थाबदलाचा उपयोग करून घेण्याची वाट अमेरिकी संशोधक स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी १९६०च्या दशकात दाखवली होती.

या थराची चकाकी मात्र बेताचीच. कारखान्यात छापलेली एकपदरी डीव्हीडी ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, पुनर्लेखनक्षम तबकडी १८ ते ३० टक्केच. कित्येक जुन्या प्लेअरनी या तबकड्या नाकारल्या, त्यामागे बहुधा हेच कारण असे. दोष तबकडी विकणाऱ्याच्या माथी मारला जाई, तो भाग वेगळा.

घरगुती वापरात गोंधळ होई तो 'डिलीट' या शब्दाने. डीव्हीडी-आरडब्ल्यूवर 'व्हिडिओ' पद्धतीने केलेले मुद्रण यादीतून काढले, तरी जागा मोकळी होत नाही. अपवाद फक्त सर्वांत शेवटच्या मुद्रणाचा. 'व्हीआर' पद्धतीत जागा परत मिळते आणि मधल्या जाहिरातीही कापता येतात, पण ती तबकडी साध्या प्लेअरवर चालेलच असे नाही. डीव्हीडी+आरडब्ल्यूवर जुन्यावर थेट नवे लिहिता येते. डीव्हीडी-रॅमची रचना संगणकाच्या हार्ड डिस्कसारखी, त्यामुळे मुद्रण चालू असतानाच त्याचा आधीचा भाग पाहता येई. उत्पादकांच्या मते पहिल्या दोन प्रकारांचे पुनर्लेखन सुमारे १,००० वेळा आणि रॅमचे १,००,००० वेळा होऊ शकते. प्रत्यक्षात बोटांचे ठसे आणि ओरखडे यांनीच बहुतेक तबकड्या त्याआधी निकामी होत.

संगणकावर पुसताना 'क्विक' आणि 'फुल' असे दोन पर्याय येतात. डीव्हीडी-आरडब्ल्यूच्या झटपट पुसण्यात फक्त अनुक्रमणिका जाते, चित्रण जागच्या जागी राहते. पूर्ण पुसण्यात लेसर सबंध तबकडीवरून फिरतो, ४.७ जीबीच्या तबकडीला एकपट वेगाने त्यासाठी सुमारे तास लागतो. खासगी चित्रण असलेली तबकडी दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल, तर हा तास खर्चणे शहाणपणाचे.

आज हा विषय निघतो तो बहुधा कपाट आवरताना. २००० च्या दशकात आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरे अनेक घरांत होते. अशा तबकडीवर १.४ जीबी, म्हणजे साधारण प्रतीचे अर्धा तास चित्रण मावे. बारसे, मुंज, गणपती असे बरेच काही त्यावर आहे. मात्र चित्रणानंतर कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' करण्याची पायरी अनेकांकडून राहून गेली. अशी तबकडी संगणकात घातली की ती कोरी असल्याचे दिसू शकते आणि 'फॉरमॅट' करण्याविषयी विचारणा होते. तिला होकार देऊ नये. त्या एका होकाराने वीस वर्षे टिकलेले चित्रण कायमचे जाऊ शकते.

आधी मूळ कॅमेरा, त्याची बॅटरी वा चार्जर शोधावा आणि त्यातच 'फायनलाइज' करावे. कॅमेरा बंद पडला असेल, तर त्याच प्रकारचा दुसरा मिळतो का ते पाहावे. तेही जमले नाही, तर अपूर्ण तबकड्या वाचणाऱ्या आयसोबस्टरसारख्या संगणक-प्रणाली आहेत. त्या तबकडीवर काही न लिहिता आतील चित्रण हार्ड डिस्कवर उतरवून घेतात. प्रत हाती आली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून झाली आणि दुसऱ्या ठिकाणी तिची आणखी एक प्रत ठेवली, की मगच मूळ तबकडी पुसायला घ्यावी.