प्याद्यांची धाव

श्रोतेहो, पारावर बुद्धिबळाचा पट मांडला, की सगळ्यांचे डोळे वजिराकडे आणि हत्ती-घोड्यांकडे. प्याद्याला कोण विचारतो? ते मरायचेच, असा आपला हिशेब. हा हिशेब किती कच्चा, हे 1958 सालच्या एका डावात दिसले. त्याची हकीगत आज सांगतो.

देशी खेळात पुष्कळ ठिकाणी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. आंतरराष्ट्रीय खेळात तिच्या जागी किल्लेकोट आहे. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे उभा राहतो. राजापुढची प्यादी हाच मग त्याचा तट. दोन्ही राजे पटाच्या एकाच अंगाला असले, तर ही प्यादी पुढे दामटणे जोखमीचे; आपलाच राजा उघडा पडतो. पण राजे दोन अंगांना गेले, की समोरच्या राजावर प्यादी खुशाल सोडता येतात. मात्र समोरचाही तेच करणार. मग प्रश्न एकच उरतो : आधी कोण पोचतो?

त्या वर्षी युगोस्लाव्हियातील, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातील, पोर्तोरोझ या समुद्रकाठच्या गावी मोठी स्पर्धा भरली. जगज्जेत्याला आव्हान देणारा पुढे ज्यांच्यातून ठरायचा, ते खेळाडू इथे निवडायचे होते. पांढरे मोहरे अमेरिकेच्या बॉबी फिशरकडे. वय अवघे 15. काळे डेन्मार्कच्या बेंट लार्सनकडे. हा 1956 सालीच ग्रँडमास्टर झालेला.

लार्सनने सातव्या चालीला किल्लेकोट केला. फिशरने बाराव्या चालीला केला, पण विरुद्ध अंगाला. लार्सनने लागलीच दोन चालींत एक प्यादे फिशरच्या राजाच्या रोखाने पुढे रेटले. पण नंतर हत्ती आणि वजीर यांची मांडामांड करण्यात त्याच्या चाली खर्ची पडल्या. इकडे 17व्या चालीला फिशरचे कडेचे प्यादे निघाले. 19व्या चालीला त्याने तटातले एक प्यादे मारले आणि स्वतःही मेले. पण त्या मरणाने कडेची उभी पट्टी मोकळी झाली, आणि तिच्या टोकाला फिशरचा हत्ती उभाच होता!

मग शेजारचे प्यादे धावले. त्याने घोड्याला हुसकले, तेव्हा घोडा पट्टीत शिरून वाट अडवून बसला. 22व्या चालीला फिशरने हत्ती देऊन तो घोडाच मारला. हत्ती घेण्यासाठी लार्सनला तटातले प्यादे हलवावे लागले. त्या खिंडारातून फिशरचे प्यादे आत घुसले आणि 24व्या चालीला त्याने राजाला शह दिला. 31व्या चालीला लार्सनने डाव सोडला. त्याच्या कडेच्या प्याद्याने आणखी एक पाऊल टाकले असते, तर फिशरच्या उंटावर मारा झाला असता. ते पाऊल टाकायला उसंतच मिळाली नाही.

याच स्पर्धेतून फिशर त्या काळचा सर्वांत लहान ग्रँडमास्टर झाला. 1972 साली जगज्जेता.

गुरुजींनी हा डाव शाळेत मांडावा, 19व्या चालीला थांबावे आणि मुलांना विचारावे : बाळांनो, ते प्यादे फुकट मेले काय?