डोक्याला पट्टी बांधलेला समीक्षक: एक रेखाचित्र पुरावा म्हणून कसं वाचायचं?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एक प्रश्न मला सारखा छळायचा. एखाद्या चित्रकाराबद्दल त्याच्या जवळच्या मित्रानेच समीक्षा लिहिली असेल, तर ती पुरावा म्हणून कितपत धरायची? तुमच्यापैकी बरेच जण आता विषय निवडत असतील, तेव्हा आज यावरच बोलू. उदाहरण घेऊ पाब्लो पिकासो आणि गियोम अपोलिनेर यांचं.

दोघांची ओळख पॅरिसमध्ये 1904-05च्या सुमारास झाली. दोघंही तिथे परके. पिकासो स्पेनचा, तर अपोलिनेर रोममध्ये पोलिश आईच्या पोटी जन्मलेला. तो मुळात कवी, पण 1905 मध्येच त्याने पिकासोवर लेख लिहिले. तेव्हा पिकासो जेमतेम चोविशीत होता आणि त्याला ओळखणारे लोक मोजकेच होते. इकडे पिकासो मित्राची गमतीदार व्यंगचित्रं काढायचा: कधी पोप म्हणून, कधी चक्क कॉफीची किटली म्हणून. 1913 मध्ये क्युबिस्ट चित्रकारांवरचं अपोलिनेरचं पुस्तक आलं. चित्रकार ब्राक आणि चित्रविक्रेता कानवायलर यांचं मात्र पुढे असं मत होतं की, या माणसाला चित्रकलेतलं फारसं कळत नव्हतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

या मैत्रीला तडा जायची वेळ आली ती 1911 मध्ये. ऑगस्टमध्ये लूव्रमधून 'मोनालिसा' चोरीला गेली. अपोलिनेरकडे काही काळ राहिलेल्या जेरी पिएरे नावाच्या माणसाने त्याआधी, 1907 मध्ये, लूव्रमधूनच प्राचीन इबेरियन दगडी शिरं लांबवली होती आणि ती पिकासोला विकली होती. त्याच वर्षी पिकासोने रंगवलेल्या 'आव्हिन्यॉंच्या तरुणी'मधल्या काही चेहऱ्यांवर या शिल्पांची छाप दिसते. आता प्रकरण अंगाशी येणार म्हटल्यावर दोघांनी ती शिरं एका वर्तमानपत्रामार्फत परत केली. तरी सप्टेंबरमध्ये अपोलिनेरला अटक झाली आणि त्याला जवळपास आठवडाभर तुरुंगात काढावा लागला. पिकासोचीही चौकशी झाली. न्यायाधीशासमोर पिकासोने 'मी या माणसाला ओळखत नाही' असं सांगितलं, ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे वाचालच. पण थांबा! ती आली कुठून? बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आठवणींतून. म्हणजे ती खोटीच असं नाही, पण 1911चा कागद आणि म्हातारपणची आठवण यांचं वजन सारखं नसतं. प्रबंधात ती वापरायची तर 'असं नंतर सांगितलं गेलं' एवढं तरी लिहायलाच हवं.

आता येऊ रेखाचित्राकडे. महायुद्ध सुरू झाल्यावर अपोलिनेर स्वतःहून फ्रेंच सैन्यात गेला. पिकासो स्पॅनिश नागरिक असल्याने पॅरिसमध्येच राहिला. 17 मार्च 1916 रोजी तोफगोळ्याचा तुकडा अपोलिनेरच्या कानशिलाजवळ लागला. मे महिन्यात त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी पिकासोने पेन्सिलीने त्याची चित्रं काढली: अंगावर लष्करी गणवेश आणि डोक्याला पट्टी.

गंमत बघा. ज्या अपोलिनेरने क्युबिझमची बाजू लढवली, त्याचं हे चित्र क्युबिस्ट नाही. रेषा स्वच्छ आहे आणि चेहरा लगेच ओळखू येतो. मैत्रीखातर पिकासोने शैली बदलली, असं लिहायचा मोह होतो. मीही एका टिपणात तसंच लिहून टाकलं होतं! पण मग 1915 मधलं मॅक्स जेकबचं आणि व्होलारचं पेन्सिलचित्र पाहिलं, आणि तो मुद्दा कोसळला. अशी वास्तवदर्शी व्यक्तिचित्रं पिकासो आधीच काढू लागला होता. सुट्या चित्राचा अर्थ लावताना त्याच्या आगेमागची चित्रं बघायची ती यासाठी.

चित्र पुढे कुठे गेलं, हेही विचारायला हवं. 1918 मध्ये अपोलिनेरचा 'कॅलिग्राम' हा कवितासंग्रह निघाला, त्याच्या सुरुवातीला पिकासोने काढलेलं त्याचं व्यक्तिचित्र लाकडावर कोरून छापलं होतं. म्हणजे खासगी मैत्रीतून निघालेलं चित्र कवीची सार्वजनिक ओळख बनलं. त्याच वर्षी दोघं एकमेकांच्या लग्नात साक्षीदार होते, मे महिन्यात पिकासो आणि जुलैमध्ये अपोलिनेर. 9 नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दोनच दिवस आधी, स्पॅनिश फ्लूने अपोलिनेर गेला. तो फक्त 38 वर्षांचा होता. त्याच्या स्मारकासाठी पिकासोने 1928 मध्ये तारांची शिल्पं सुचवली, ती समितीला पटली नाहीत. अखेर 1959 मध्ये पॅरिसच्या एका छोट्या बागेत स्मारक उभं राहिलं, पण त्यावरचं ब्रॉंझचं डोकं आहे डोरा मारचं. तिथे जाऊन अपोलिनेरचा चेहरा शोधाल तर फसाल.

मग मूळ प्रश्नाचं काय? ब्राक आणि कानवायलर यांचं बरोबर असेलही. चित्रांचं बारकाईने विश्लेषण हवं असेल, तर अपोलिनेर कदाचित कमी पडेल. पण 1905 मध्ये पिकासोची बाजू कोण घेत होतं, कोणत्या शब्दांत घेत होतं आणि का, हे त्याच्या इतकं जवळून फार थोडे सांगू शकतील. मित्राची साक्ष बाद करायची नाही. ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते ते आधी ठरवायचं. तुमच्या विषयातला असा एक 'मित्र' शोधा आणि त्याच्या लेखनासमोर हाच प्रश्न ठेवून बघा.